पुसलेली चाकोरी

फार मागची गोष्ट. किती मागची ते विचारू नका, तेव्हा मोजत कोणी बसलं नव्हतं. पोरांनो, तुम्ही ऐका. आणि पोरांच्या आईबापांनो, तुम्ही तर जरा जास्तच ऐका.

डोंगरपठारावरच्या एका गावात दोन भाऊ राहायचे. थोरला सुतार. त्याच्या हातच्या गाड्या आसपासच्या गावांत नावाजलेल्या. धाकटा बैल हाकायचा, आणि असा मायेने हाकायचा की त्याच्या बैलांना चाबूक ठाऊक नव्हता. घरात त्यांची म्हातारी आई होती.

देवीच्या जत्रेला दर साली छकड्यांची शर्यत लागायची. छकडी म्हणजे शर्यतीची हलकी, बुटकी बैलगाडी. इतकी बुटकी की हाकणाऱ्याचा पाय सहज जमिनीला टेकावा. सरळ धावत जायचं, टोकाचा दगडी खांब उजव्या हाताला ठेवून वळसा घालायचा आणि परत यायचं. वळणाच्या डाव्या हाताला मात्र दरी होती. जी छकडी पहिली येईल तिच्या सुताराला राजा स्वतःच्या हाताने फेटा बांधायचा. हाकणाऱ्याला नारळ मिळायचा. आता यावर मी काय बोलू!

गावची आणखी एक रीत होती. शर्यत संपली रे संपली की बाभळीची भली मोठी फांदी ओढत न्यायची आणि चाकांच्या सगळ्या चाकोऱ्या पुसून टाकायच्या. का? तर म्हणे, परगावच्या माणसाचा पाय आपल्या चाकोरीत पडला की गाडीला दृष्ट लागते. हे कोणी सुरू केलं ते माहीत नाही. कोणी विचारलंही नाही.

एका साली थोरल्याने अशी देखणी छकडी घडवली की बघणारे बघतच राहिले. पण जत्रा तोंडावर आली होती आणि लाकूड पुरतं वाळलं नव्हतं. तेवढ्याने काय होतंय, असं म्हणून दोन्ही चाकं ज्यावर फिरतात तो आख त्याने ओल्या लाकडाचाच केला आणि वर लाल रंगाचा हात मारला. त्या साली छकडी पहिली आली. राजाने बांधलेला फेटा थोरल्याने घरात खुंटीवर ठेवला. जाता-येता तो त्याच्याकडे बघायचा.

पुढच्या साली छकडी मधेच कुठेतरी आली. त्याच्या पुढच्या साली पार मागे.

"दादा," धाकटा म्हणाला, "गाडी डावीकडे ओढते. सरळ वाटेवर मी कशीबशी सांभाळतो, पण वळणावर ऐकत नाही. एकदा आख काढून बघ ना."

थोरला मोठ्याने हसला. "नाचता येईना, अंगण वाकडं! अरे, पहिल्या साली हीच गाडी सरळ पळाली ना? गाडी तीच आहे. तूच बदललास."

बघा हं. खूण अगदी समोर पडली होती. जी गाडी आधी सरळ पळते आणि मागाहून वाकडी जाते, तिच्यात मधल्या काळात काहीतरी वाकलं असणार. पण थोरल्याने तीच खूण उचलली आणि भावाच्या डोक्यात घातली.

मग उपाय सुरू झाले. थोरला म्हणाला, डावीकडचा खैऱ्या बैल अंग चोरतो. त्याला चाबूक बसला. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दादा, बैलांच्या जागा बदलून बघू. खैऱ्या उजवीकडे, हरण्या डावीकडे. दोष खैऱ्याचा असेल तर गाडी आता उजवीकडे ओढेल."

जागा बदलल्या. गाडी डावीकडेच ओढली.

"बघितलंस? म्हणजे बैलांचा दोष नाही."

"म्हणजे तू दोघांनाही बिघडवलंस," थोरला म्हणाला.

नंतर त्याने गाडीच्या उजव्या बाजूला धोंडा बांधला. गाडी जड झाली, तिचं पळणं मंदावलं, आणि जायची ती डावीकडेच.

गोठ्यात हरण्या खैऱ्याला म्हणाला, "गाडीखाली काय वाकलंय ते आपल्या खांद्यांना रोज कळतं. मालकाला सांगायचं का रे?"

"सख्ख्या भावाचं ऐकत नाही तो," खैऱ्या म्हणाला, "आपलं काय ऐकणार? कडबा खा गुमान."

त्या दिवसांत धाकट्याच्या उजव्या पायाची टाच सतत फुटलेली असायची. आई तिच्यावर तेल-हळद लावायची. थोरला जेवता जेवता चेष्टा करायचा, "एकाच पायाने चालतोस की काय रे? तुझी उजवी वहाण महिनाभरसुद्धा टिकत नाही!" धाकटा नुसता हसायचा. एकदा सांगून हसं झालं होतं, पुन्हा काय सांगायचं?

तरी पुढच्या जत्रेला त्याने आणखी एकदा तोंड उघडलं. "दादा, एवढ्या वेळी फांदी ओढू नका. चाकोरी राहू दे. उद्या दोघं मिळून बघू, चाक कुठे घासतं ते."

"वा रे वा! आपली चूक झाकायला आता गावची रीत मोडायची?" थोरला तडकला. त्याने स्वतः फांदी धरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट साफ केली.

आणि मग ते साल आलं.

"दादा, या गाडीवर मी नाही बसत," धाकटा म्हणाला. "ती कोणाचातरी जीव घेईल."

थोरल्याला ते फार लागलं. "नको बसूस. हाकणारे काय, पैशाला पासरी मिळतात."

धाकट्याच्या मनात आलं, मी निदान हिची खोड ओळखतो. ज्याला ठाऊक नाही तो वळणावर थेट दरीत जाईल. त्याने कासरे उचलले.

"राहू दे. मीच बसतो."

छकडी सुटली. काय पळवली त्याने! सगळ्यांच्या पुढे होती. थोरला खांद्यावरचं उपरणं उडवत ओरडत होता. खांब आला, बैल उजवीकडे वळले, पण गाडी वळली नाही. बैलांना जुवाशी बांधणारे जोते तुटले. बैल काठावर थरथरत उभे राहिले आणि छकडी हाकणाऱ्यासकट दरीत गेली.

त्या दिवशी फांदी ओढायचं कोणाला सुचलं नाही.

भावाला अग्नी देऊन परतताना थोरला एकटाच शर्यतीच्या वाटेवर गेला. धुळीत त्याच्या गाडीची चाकोरी जशीच्या तशी होती. उजव्या चाकाची रेघ बारीक, स्वच्छ. डाव्या चाकाची मात्र फरफटलेली, रुंद. खांबापाशी नव्हे, जिथून गाडी सुटली अगदी तिथपासून.

आणि उजव्या रेघेच्या बाहेर तिसरी एक रेघ होती. आधी पुसट, मग खोल, आणि खांबाजवळ माती काळपट झालेली. थोरल्याला वाटलं, दोर लोंबत गेला असेल. तो खाली बसला. त्याने रेघेवर हात ठेवला. ती टाचेएवढी रुंद होती.

गाडी उजवीकडे यावी म्हणून धाकटा पाय जमिनीला घासत होता. आजच नव्हे. प्रत्येक शर्यतीत.

थोरला दरीत उतरला. मोडक्या गाडीतून आख काढून घरी आणला, लाल रंग खरवडला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकाला दोरी ताणून धरली. मधे करंगळी जाईल एवढी फट होती. ओलं लाकूड उन्हाने वाळत गेलं, तसं साल-दरसाल वाकत गेलं होतं. जो दोष शोधायला एक दोरी पुरे होती, तो त्याने बैलांच्या पाठीवर आणि भावाच्या हातांत शोधला.

"आई," तो रडत म्हणाला, "त्याची ती टाच गं..."

म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिने वळून पाहिलं नाही.

"तुला आज दिसली होय रे?"

थोरल्याने पुन्हा शर्यतीची गाडी बनवली नाही. पण दर जत्रेला तो वाटेच्या कडेला येऊन बसायचा आणि फांदी ओढू द्यायचा नाही. प्रत्येक हाकणाऱ्याला थांबवून विचारायचा, "बाळा, गाडी कुठे ओढते?" आणि उत्तर संपेपर्यंत मधे एक शब्द बोलायचा नाही. त्या गावात नंतर कोणी चाकोरी पुसली नाही, कोणी दरीतही गेलं नाही. खुंटीवरचा फेटा मात्र कसर लागून तिथेच विरला. त्याला कोणी हात लावला नाही.

तात्पर्य: नाचणाऱ्याला हसण्याआधी अंगणाला एकदा दोरी लावून बघावी.