बत्तीसरावांची नेमणूक

बहुतेकांचे फोन अजून फक्त बोलण्यापुरते होते, त्या काळची गोष्ट. कुडाळच्या कुडतरकर फोटोग्राफरांच्या कॅमेऱ्याला एका लग्नासाठी मेमरी कार्ड निवडायचे होते. नवरीने कुडतरकरांना बजावले होते, "काका, अंतरपाट खाली येतो तो क्षण तेवढा हुकवू नका."

उमेदवार दोन होते. कॅमेऱ्याने प्रश्न एकच विचारला, "किती मावतं?"

"बत्तीस जीबी," मोठे कार्ड म्हणाले. "अख्खं वऱ्हाड बसेल."

"दोन," छोटे कार्ड म्हणाले. "पण साहेब, मी झटपट लिहितो. बत्तीसरावांना एक फोटो लिहायला किती वेळ लागतो, तेही विचारा की!"

"मत्सर बरा नव्हे," असे म्हणून कॅमेऱ्याने बत्तीसरावांची नेमणूक केली.

लग्नाच्या सकाळी बत्तीसरावांनी पोह्यांच्या बश्यासुद्धा सोडल्या नाहीत. मग मंगलाष्टके संपली, अंतरपाट खाली आला आणि नवरीने नवऱ्याकडे पाहिले. कुडतरकरांनी बटण दाबले. कॅमेरा ढिम्म!

"अहो, घ्या ना लवकर!" कॅमेरा कळवळला.

"मामांच्या फेट्याचे सहा फोटो लिहायचे बाकी आहेत," बत्तीसराव म्हणाले. "सगळं क्रमाने होईल."

तोवर हार गळ्यात पडले होते.

आठवड्याने नवरी आली आणि आल्बम दोनदा चाळून तो तिथेच टाकून निघून गेली. कॅमेऱ्याने बत्तीसरावांना फैलावर घेतले.

"तो एक फोटो नाही," बत्तीसराव शांतपणे म्हणाले, "पण पोह्यांचे एकशे चाळीस आहेत. शिवाय जागा अजून भरपूर आहे."