बहात्तर योजनांची वाट

एका राज्यात दोन नगरे होती, पूर्वेला नीलावती आणि पश्चिमेला सुमेरपट्टण. दरबारात मान मिळाला नाही म्हणून करालदंत नावाच्या मांत्रिकाने दोहोंमधल्या वाटेला शाप दिला. जितके चालावे तितकी वाट लांबे. निघालेला माणूस पोचत नसे, थकून मागे फिरे.

राणी हैमवतीची लेक कुवलया पाच वर्षांची असताना सुमेरपट्टणाहून नीलावतीला आजोळी गेली होती. ती तिकडेच अडकली. बारा वर्षे लोटली.

करालदंत सुमेरपट्टणाच्या वेशीबाहेरच्या टेकडीवर बसे. तो म्हणे, "नगरांमधले अंतर सांगा, जाण्याचा वेळ सांगा, परतीचा वेळ सांगा. तिन्ही अचूक, तर शाप सुटेल. चुकाल तर शिळा व्हाल." सात पंडितांनी अदमासाने उत्तरे दिली. सातही शिळा झाले.

राणीने अदमास केला नाही. नगरातल्या म्हाताऱ्या कोष्ट्याकडे अभिमंत्रित रीळ होते. त्याचा धागा संपत नसे, तुटत नसे, आणि दर योजनाला त्याला आपोआप गाठ पडे. ते घेऊन ती भारुंड नावाच्या महाकाय पक्ष्याकडे गेली.

भारुंड म्हणाला, "मी एकालाच पाठीवर घेतो. आणि वाटेत 'किती राहिले?' असे विचारलेस, तर माझे पंख गळतील."

"नाही विचारणार," राणी म्हणाली. तिने धाग्याचे टोक राजवाड्याच्या कळसाला बांधले आणि सूर्य उगवताच ती निघाली.

खाली डोंगर सरले, नद्या सरल्या, मग नुसते ढग उरले. प्रश्न ओठांवर आला. राणीने दात आवळले आणि ती बोटांनी गाठी मोजत राहिली. सूर्य माथ्यावर आला तेव्हा नीलावती दिसली. गाठी बहात्तर झाल्या होत्या.

कुवलया दारात उभी होती, आईपेक्षा वीतभर उंच. राणीने तिला पोटाशी धरले.

"आई, मीही येते."

"पक्षी एकालाच नेतो, बाळ. तू गाडीने ये. वाट मी मोकळी करते."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताच राणी परत फिरली, धागा गुंडाळत. गाठी तितक्याच भरल्या. पण वारा सामोरा होता. भारुंड धापा टाकीत उतरला तेव्हा ऊन कलले होते, तिसरा प्रहर संपला होता.

राणी तशीच टेकडीवर गेली.

"अंतर?" करालदंताने विचारले.

"बहात्तर योजने."

"जाण्याचा वेळ?"

"दोन प्रहर."

"परतीचा?"

"तीन प्रहर."

करालदंत खदखदा हसला. "वाट एक, पक्षी एक, आणि वेळ दोन? पुन्हा विचार कर, राणी. आठवी शिळा होशील."

"पंडितांनी घरी बसून हिशेब केला. मी गेले आणि आले. जाताना वारा पाठीशी होता, येताना छातीवर. माझे उत्तर तेच."

मांत्रिकाच्या हातातला दंड मधोमध चिरला. सात शिळांचे सात पंडित झाले आणि अंग झाडीत उठले. करालदंत टेकडी उतरून गेला, तो पुन्हा कोणाला दिसला नाही.

एकतिसाव्या दिवशी कुवलयेची गाडी वेशीत आली. तिचा पिता राजा धवलकीर्ती अनवाणी सामोरा गेला आणि बैलांचे कासरे त्याने स्वतः धरले.

त्या वर्षी दिवाळीला दोन्ही नगरांतल्या सगळ्या लेकी माहेरी आल्या.