गोधडीतलं वीतभर भोक

भाविकहो, हरबा महाराज त्या वर्षी आंबेदऱ्याला होते. गावाबाहेर माळावर एक पडकी धर्मशाळा होती, तिथे त्यांचा मुक्काम. ना मठ, ना गादी. कुणी भाकरी आणली तर खायचे, नाही आणली तर हसत बसायचे. त्यांच्याशी बोलून आलेला माणूस बहुधा डोकं खाजवतच घरी परतायचा. बोलण्याचा अर्थ कळायचा मागाहून, आणि तोवर बिचाऱ्याचा जीव मेटाकुटीला यायचा! भागूबाईचं अगदी तसंच झालं.

भागूबाईची लेक तुळसा बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची आधीची लेकरं जगली नव्हती. अशा बाळाला नवं कापड लावायचं नाही, पोरंबाळं खेळणाऱ्या घरांतून मागून आणलेल्या जुन्यात गुंडाळायचं, ही आपल्याकडची रीत. म्हणून भागूबाई होणाऱ्या नातवंडासाठी गोधडी शिवायला बसली. घरोघर पदर पसरून तिने तुकडे गोळा केले. कुणी धोतराचा दिला, कुणी फेट्याचा. कुंभारणीने तर अंगावरच्या लुगड्याचा काठच टरकावून दिला.

एक घर तेवढं तिने सोडलं. थोरल्या जावेचं, ठकूबाईंचं. ठकूबाईंचा एकुलता एक लेक रांगत असतानाच गेला होता. तेव्हापासून असल्या कामाला त्यांच्या दारी कुणी जात नसे. भागूबाईही गेली नाही. त्यात काही वावगं आहे असं तिच्या मनातही आलं नाही.

गोधडी निम्मी झाली तेव्हा ती महाराजांच्या पायावर घालायला घेऊन गेली. महाराजांनी एकेक तुकडा मायेनं चाचपला. मग मधोमध बोट ठेवून म्हणाले, "इथं वीतभर जागा मोकळी ठेव."

"मोकळी म्हंजे? पांढरं कापड लावू का, महाराज?"

"काही लावू नकोस. भोक ठेव."

"पण लेकराला गार लागंल की!"

"कडुनिंबाला यंदा मोहोर लवकर आला बघ," महाराज म्हणाले आणि झाडाकडे बघत राहिले.

भागूबाई चक्रावून घरी आली. आपला एखादा नवस फेडायचा राहिलाय का? की महाराज परीक्षा बघतायत? काही केल्या उलगडा होईना. तिने कडेकडेने टाके घालत आणले, पण मधलं ते भगदाड बघवेना. शेवटी स्वतःच्या लुगड्याचा तुकडा तिथे लावून टाकला आणि भीत भीत पुन्हा माळावर गेली. महाराजांनी तो तुकडा टाका टाका करून उसवला.

"तुझी माया खरी, भागू. पण ही जागा तुझी नाही."

"मग कुणाची, महाराज?"

महाराजांनी गोधडीची घडी घातली, तिच्या हातात दिली आणि डोळे मिटले. भागूबाईला रडावं की रागवावं तेही कळेना.

अंगणात वाळत घातलेली गोधडी ठकूबाईंनी पाहिली आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला. "अगं भागे, गोधडी शिवलीस की खिडकी? तुझ्या महाराजांना थंडी वाजत नाही, म्हणून लेकरालाही वाजू नये होय? चिंध्या मागत फिरलीस, आता त्याही पुरल्या नाहीत का?" भोक कशाला, ते भागूबाईलाच ठाऊक नव्हतं. तिने गोधडी ओढून काढली आणि घरात नेली.

तुळसा बाळंत झाली ती ऐन सकाळी. मुलगा झाला. पण रडेना! सुईणीने पाठ चोळली, तळवे थोपटले, कांदा फोडून नाकाशी धरला. श्वास होता, पण असून नसल्यासारखा. भागूबाईने त्याला गोधडीत गुंडाळलं. ते भोक नेमकं छातीवर आलं, आणि त्यातून त्या जिवाची धडपड उघडी दिसू लागली. पाय गार पडत चालले होते.

बातमी ऐकून ठकूबाई दारात आल्या. "बोलवा आता त्या हरबाला! म्हणावं, भोक बुजव!"

"बुजवायलाच आलोय, ठकूबाई." पाठीमागे महाराज उभे होते. "पण कापड तुझ्यापाशी आहे. पेटीच्या तळाशी, हळदीच्या फडक्यात बांधलंयस. ते आण."

ठकूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. ती पुरचुंडी त्यांनी नवऱ्यालाही कधी दाखवली नव्हती.

"ते नका मागू, महाराज," त्या म्हणाल्या. "माझ्या बाळाचं अंगडं हाय ते. माझी वस्तू या पोराच्या अंगाला? अपशकुनी म्हणत्यात मला."

महाराज म्हणाले, "लोक म्हणतात. पांडुरंगानं कधी म्हटलंय का? अगं, ही भागूसुद्धा तुझ्या दारावरून पुढं गेली. म्हणून तुझी जागा मी राखायला लावली."

भागूबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. इतके दिवस ती कोड्यात पडली होती, आणि कोडं तिच्या स्वतःच्या वागण्यातच होतं! लाजेनं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाळाला तसंच उराशी धरून ती जावेपुढे आली आणि पदर पसरला.

"अक्का, चुकले मी. पहिल्यांदा तुमच्याच दारी यायला हवं होतं. घाला भीक माझ्या नातवाला."

ठकूबाई धावतच घरी गेल्या. परत आल्या तेव्हा हातात विटकं, एवढंसं अंगडं होतं. बाळ भागूबाईच्या मांडीवर, आणि ठकूबाई त्याच्यावर ओणवून भराभर टाके घालू लागल्या. डोळ्यांतल्या पाण्याने सुई दिसेना, तरी हात थांबला नाही. दोरा दातांनी तोडला मात्र, आणि बाळाने अंग ताणून असा टाहो फोडला की गोठ्यातली गुरं उठून उभी राहिली!

धन्य ते महाराज! आत तुळसा रडत होती, सुईण रडत होती.

ठकूबाई महाराजांच्या पायावर डोकं ठेवायला वाकल्या, तो त्यांचा पदर मागे ओढला गेला. बाळाने तो मुठीत घट्ट धरला होता. धड वाकता येईना आणि पदर सोडवून घ्यावासाही वाटेना. तशाच अर्ध्या वाकून त्या हुंदके देऊ लागल्या.

"राहू दे, बाई," महाराज म्हणाले. "नमस्कार पोचला. आधी पोराला घे."