कोरी डिस्क

एकदा एका शहराच्या पेठेत एक वृद्ध गृहस्थ संगणक जोडून देण्याचा व्यवसाय करत असत. त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता. तो हुशार होता, आणि हुशार माणसाला थांबणं फार कमीपणाचं वाटतं.

एका रुग्णालयाने अतिदक्षता विभागासाठी संगणक मागवला होता. रुग्णांच्या साऱ्या नोंदी त्यातच राहायच्या होत्या. पण बाजारात डिस्कची टंचाई होती. वृद्धाचे नेहमीचे एक व्यापारी फोनवर म्हणाले, "माल समोर आलाय, पण तुम्हाला देणार नाही. मला तो बरा वाटत नाही. थोडं थांबा." शिष्य वैतागला आणि परस्पर एका नव्या व्यापाऱ्याकडून डिस्क घेऊन आला.

"सीलबंद आहे, काका. अगदी कोरी!"

वृद्धाने ती जोडली आणि पुसलेल्या फायली शोधणारा प्रोग्राम सुरू केला. शिष्याला हसू आलं. कोऱ्या डिस्कमध्ये काय सापडणार?

पडद्यावर फायलींची एकेक नावं उमटू लागली. त्यातली आवाजाची एक फाईल वृद्धाने लावली. आधी नुसती खरखर. मग धापा टाकणारा श्वास, आणि अगदी जवळून एक थकलेला आवाज, "कुमुद, दार उघड. मी आलोय." जरा वेळाने पुन्हा, "कुमुद? आत कोण आहे?"

शिष्याच्या अंगावर सरसरून काटा आला. भर दुपारी त्याने वळून दुकानाच्या दाराकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

"हा कोण?"

"मला काय ठाऊक? जिवंत आहे की नाही, तेही ठाऊक नाही. झिजलेली डिस्क पुसून, नवं वेष्टण घालून विकलीय. ही उद्या बंद पडली, तर कोणत्या रुग्णाला काय औषध दिलंय हे कळणार कसं? अरे, डिस्कच्या पोटातलं दरवेळी मलाही दिसत नाही. आपण देणाऱ्याचा शब्द घेत असतो. 'हो' कोणीही म्हणतं. स्वतःची विक्री सोडून 'नाही' म्हणणारा माणूस जोडायला माझं अर्धं आयुष्य गेलं."

शिष्याने रुग्णालयाला फोन लावला. "डॉक्टर, संगणक आज देता येणार नाही. माल मिळतोय, पण मला तो बरा वाटत नाही."

काम हातचं गेलं असंच त्याला वाटलं.

"तुम्ही म्हणताय ना?" डॉक्टर म्हणाले. "मग थांबतो. तोवर जुन्या संगणकावर भागवू."

शिष्याने वायर काढली, तेव्हा तो आवाज पुन्हा कुमुदला हाक मारत होता. ती डिस्क त्याने कधी विकली नाही. पुढे दुकान त्याचं झालं. कोणी घाई केली की तो आधी त्या डिस्ककडे पाही, आणि मग त्याच जुन्या व्यापाऱ्यांना फोन लावी.