शेजारणीच्या घरासाठी गाऱ्हाणं

शिरोंडे बंदरात खाडीच्या तोंडाशी दोन जुनी जोती आहेत. एक कंबरेएवढं आणि त्याला लागून दुसरं जेमतेम वीतभर. घरं आता नाहीत. सातेरी देवीचे म्हातारे गुरव पाहुण्यांना आधी ती जोती दाखवतात, मग देऊळ.

उंच जोतं मथुराचं, ठेंगणं येसूचं, असं सांगतात. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. दर पावसाळ्यात वादळ झालं की खाडी फुगायची आणि येसूच्या घरात गुडघाभर पाणी शिरायचं. चूल विरघळायची, भाताचं बियाणं कुजायचं. मथुरा मात्र आपल्या वरच्या पायरीवर बसून निवांत केस विंचरायची. ते पाहिलं की येसूचा जळफळाट व्हायचा. पाण्याचं दुःख तिनं सोसलं असतं म्हणे, पण शेजारणीची कोरडी चूल काही सोसवेना.

एका ज्येष्ठात ती एकटीच सातेरीपुढे जाऊन उभी राहिली. आपलं घर कोरडं राहू दे, एवढं मागायचं तिला सुचलंच नाही. ती म्हणाली, "बाय गो, माझ्या घरात येता तेवढा पाणी मथुराच्याय घरात येऊंदे. नारळांचा तोरण बांधतंय."

देवीनं शब्द पाळला. आठवड्याच्या आत वादळ आलं आणि मथुराच्या घरात अगदी गुडघाभर पाणी चढलं. आता मथुराकडे गुडघाभर म्हणजे येसूकडे किती, हा विचार मत्सरानं केलाच नव्हता. दोन पोरं खांद्यावर घेऊन येसू गळाभर पाण्यातून बाहेर पडली, आणि मागे तिच्या मातीच्या भिंती बसल्या.

"आधी पोरांक दी माझ्याकडे!" मथुरा ओरडली. तिघांना तिनं वर ओढलं आणि चार दिवस आपल्या माळ्यावर ठेवून पेज पाजली.

नवस फेडणं भागच होतं. पण तोरण कशाबद्दल, हे मोठ्यानं सांगितल्याशिवाय तेव्हाचा गुरव गाऱ्हाणं, म्हणजे देवीपुढची प्रार्थना, घालीना. भरल्या देवळात, मथुरा शेजारी उभी असताना, येसूनं ते सांगितलं.

मथुरा एवढंच म्हणाली, "जोत्याचे चिरे उरले होते गो घरामागच्या परड्यात. मागलंस कित्याक नाय?"

आजही शिरोंड्यात पावसाआधी कुणी बाई आपल्या घरासाठी गाऱ्हाणं घालत नाही. ते शेजारणीच्या घरासाठी घालायचं, आणि तेही मोठ्यानं. शेजारणीनं बाजूला उभं राहून शब्द न शब्द ऐकायचा. गाव सुधारलं, असं गुरव काही म्हणत नाहीत; शेजारणीच्या कानावर न पडता आता देवीकडे काही मागता येत नाही, एवढंच म्हणतात.