पट्टेरीची मोकळी पाठ

फार वर्षांपूर्वी समुद्रकाठी एक छोटं राज्य होतं. तिथल्या राजाला असं वाटायचं, की आपल्याला बसता येणार नाही असं जनावर देवाने केलेलंच नाही. त्याच्या पागेत अरबी घोडे होते, काठेवाडी होते, भीमथडीची तट्टं होती. दांडगट घोडा आला की राजा स्वतः त्याच्यावर मांड टाकायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याला शांत करून परत आणायचा. लोक वाहवा करायचे. त्या वाहवेची राजाला सवय लागली होती.

एके वर्षी बंदरात दूरदेशीचं जहाज लागलं. जहाजाच्या नाखव्याने राजाला नजराणा म्हणून एक जनावर आणलं. घोड्याहून लहान, गाढवाहून डौलदार, आणि नाकापासून शेपटीपर्यंत काळे-पांढरे पट्टे. आज आपण त्याला झेब्रा म्हणतो. तिथे कुणी तो पाहिलेला नव्हता. सगळा गाव धक्क्यावर लोटला. कुणी म्हणालं गाढव रंगवलंय. गावच्या परटाला पुढे केलं. त्याने ओल्या फडक्याने मान पुसून पाहिली आणि सांगितलं, की हा रंग आपल्या हाताने निघायचा नाही. ती मादी होती. लोकांनी तिचं नाव पट्टेरी ठेवलं.

त्या गर्दीत राजाचा म्हातारा मोतद्दार मरजान उभा होता. पागेतल्या घोड्यांची निगा तोच राखायचा. तो हबशी होता. सहा-सात वर्षांचा असताना त्याला त्याच्या मुलखातून पकडून अशाच एका जहाजातून आणलं होतं. पट्टेरीला पाहताच त्याच्या तोंडून त्याच्या भाषेतला एक शब्द निघाला. पन्नास वर्षांत तो शब्द त्याने उच्चारला नव्हता. मग तो खाली बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.

राजाने दरबारातल्या येसू चितारणीला बोलावलं. दरबाराच्या भिंतीवरची सगळी चित्रं तिच्या वडिलांनी काढलेली होती. वडील गेल्यावर कुंचला तिच्याकडे आला होता. राजाने तिला हुकूम केला, की या जनावराचं चित्र भिंतीवर हवं, आधी नीट पाहून घे.

येसू रोज पागेत जाऊन बसू लागली. पहिले चार दिवस तिला काही साधलं नाही. काढायची ते पट्टे ओढलेलं गाढवच दिसायचं. पाचव्या दिवशी मरजान तिच्यामागे येऊन उभा राहिला. त्याने दाखवलं, की मानेवरचे पट्टे आयाळीत तसेच वर चढतात, मागे पुठ्ठ्यावर ते वळतात, पायावर आडवे होतात. त्याने सांगितलं, की कुठल्याही दोघांचे पट्टे कधीच सारखे नसतात. पिल्लू जन्मलं की आई काही दिवस दुसऱ्या कुणाला जवळ फिरकू देत नाही. पिल्लाने तिचे पट्टे ओळखायला शिकावं म्हणून ती स्वतःच त्याच्यासमोर उभी राहते. कोरड्या दिवसांत त्यांचे हजारोंचे कळप पाण्यामागे निघतात, तेव्हा दिवसभर धूळ खाली बसत नाही. आणि सिंह आला तर पळून पळून शेवटी ही जनावरं मागे वळतात. त्यांच्या एका लाथेने सिंहाचा जबडा मोडलेला त्याच्या वडिलांनी पाहिला होता.

येसूने विचारलं, तिकडे यांच्यावर कुणी बसतं का.

मरजान म्हणाला, "नाही बाई. आमच्याकडे असं कुणाच्या मनातही येत नसे."

राजाच्या मात्र मनात आलं होतं. त्याने शेजारच्या राज्यांना कळवूनही टाकलं होतं, की यंदाच्या दसऱ्याला आम्ही पट्टेरी जनावरावर बसून सीमोल्लंघनाला निघू. घोड्यांना शिकवणारा चाबुकस्वार कामाला लागला. त्याने खोगीर टाकलं, पट्टेरीने ते फेकून दिलं. त्याने लगाम चढवायला हात पुढे केला, तिने दंडाला असा चावा घेतला की तो आठ दिवस हात गळ्यात बांधून फिरला. मग त्याने तिला आखूड दोराने खुंट्याला बांधलं आणि तीन दिवस चारा बंद केला. मरजानने हात जोडून पाहिलं. कुणी ऐकलं नाही, तेव्हा तो तिच्या शेजारी जाऊन बसला आणि तीन दिवस त्यानेही अन्नाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी पट्टेरीची बरगडी न् बरगडी दिसत होती. पुन्हा खोगीर टाकलं. तिने ते पुन्हा फेकलं.

दसरा महिन्यावर आला, तेव्हा राजाने येसूला दरबारात बोलावलं. तो म्हणाला, की जनावर पाहुण्यांसमोर आणायचंच नाही, ते आजारी आहे असं सांगू. भिंतीवर चित्र असलं म्हणजे पुरे. चित्रात आम्ही पट्टेरीवर बसलेले असू, हातात भाला, मागे निशाण.

येसूने मान खाली घातली. ती म्हणाली, "महाराज, हे चित्र मला काढता येणार नाही."

"येत नाही, की काढायचं नाही?"

"काढायचं नाही. या भिंतीवर आपल्या आजोबांनी मारलेला वाघ आहे. माझ्या बापाने तो डोळ्यांनी पाहून काढला, म्हणून लोक तो खरा मानतात. मी शेजारी खोटं काढलं, तर उद्या तो वाघही खोटा ठरेल."

दरबारात राजाला असं कुणी कधी बोललं नव्हतं. राजाने तिच्या हातातला कुंचला काढून घ्यायला लावला. त्याने हुकूम दिला, की हिला पागेत त्या जनावराच्या शेजारच्या ठाणात कोंडा, जनावर वठणीवर येईल त्या दिवशी हिलाही सोडा.

येसूने पागेत गवतावर दिवस काढले. घोड्यांच्या माश्या तिला चावायच्या. पहिल्या आठवड्यात दिवाणजी येऊन गेले. त्यांनी समजुतीने सांगून पाहिलं, की तू जनावर काढ, महाराजांना दुसरा कुणी काढेल, म्हणजे पाप तुझ्या माथी नाही. ती नाही म्हणाली. मग एके दुपारी भाकरी घेऊन आलेल्या मरजाननेच विषय काढला. तिचे सुजलेले हात त्याला बघवत नव्हते.

"बाई, एक चित्रच तर आहे," तो म्हणाला. "काढून टाका आणि घरी जा. पट्टेरीला काय कळणार आहे?"

"तिला नाही कळणार, बाबा. पण चित्र पाहिलं की चाबुकस्वाराला वाटेल, बसता येतं. दुसऱ्या राजांना वाटेल. मग नाखवा अशा दहा जणी आणेल, आणि मोडून पडेपर्यंत त्यांना कुणी सोडणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून मरजान भाकरीबरोबर कडुलिंबाचा पाला आणू लागला आणि माश्या पळवायला ठाणात त्याचा धूर करू लागला.

राजाने परगावाहून दुसरा चितारी आणला. त्याने पट्टेरीला पाहायची तसदीही घेतली नाही. दरबारात बसूनच त्याने एक धिप्पाड घोडा काढला, त्याच्या अंगावर बांगड्यांसारखे गोल गोल पट्टे ओढले आणि वर राजा बसवला. राजाला चित्र आवडलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाहुणे आले. त्यांत शेजारच्या राज्याची वृद्ध राणी होती. तिने तरुणपणी स्वतः लढाया केल्या होत्या, आणि साठी उलटली तरी ती घोड्यावरूनच आली होती. ती चित्रासमोर थांबली आणि तिने विचारलं, की याला लगाम कुठला लावता. राजाने काहीतरी उत्तर दिलं. मग तिने विचारलं, की वळताना हे टाचेला ऐकतं की हाताला. राजाने तेही कसंबसं सांगितलं. राणी म्हणाली, की आपणही नाखव्याला असं एक आणायला सांगितलं आहे, तेव्हा उद्या यावर बसलेलं पाहायला मिळालं तर बरं होईल. सगळे पाहुणे ऐकत होते. जनावर आजारी आहे असं सांगायचं राजाने ठरवलं होतं, पण राणी त्याच्याकडे टक लावून पाहत होती. तो म्हणाला, "अवश्य."

दुसऱ्या दिवशी पागेपुढच्या मैदानात सगळा गाव जमला. राजाने येसूलाही बाहेर आणवलं. तिच्यासमोरच बसून दाखवतो, असं त्याने दिवाणजींना सांगितलं होतं. चौघांनी चारी बाजूंनी दोर ताणून पट्टेरीला आणलं आणि तिच्या पाठीवर जरीचं खोगीर आवळलं. राजाने मरजानला पुढे होऊन तोंडाचा दोर धरायला सांगितलं. मरजानचा हात लागला तर ती थोडी शांत राहते, हे सगळ्यांना माहीत होतं.

मरजान जागचा हलला नाही.

"महाराज," तो म्हणाला, "पन्नास वर्षांत आपला किंवा आपल्या वडिलांचा एकही हुकूम मी मोडला नाही. हा मोडतो."

राजा लाल झाला. त्याने चाबुकस्वाराला दोर दिला, चौरंगावर पाय ठेवला आणि पट्टेरीवर मांड टाकली. दोर सुटले. क्षणभर ती थरथरत उभी राहिली. मग तिने मागचे दोन्ही पाय हवेत झाडले, अंग पिळलं, आणि राजा मैदानाच्या धुळीत पालथा पडला. त्याच्या डोक्यावरचा मंदील लांब जाऊन पडला. खोगीरही त्याच्यामागून आलं.

कुणी हसलं नाही. राजा उठला. त्याने चाबुकस्वाराच्या हातातला चाबूक हिसकला आणि पट्टेरीकडे निघाला. तिला पळायला वाट मोकळी होती, पण ती पळाली नाही. कान मागे टाकून, दात दाखवत ती त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली. तेवढ्यात येसू पुढे आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"तिला मारू नका, महाराज. पहिल्या दिवसापासून तिने एकच सांगितलंय. खोटं तर माणसं बोलली."

राजाचा हात वर गेला. मरजान येऊन येसूच्या शेजारी उभा राहिला. मग गर्दीतून परीट आला. मग एक कोळीण आपली पाटी खाली ठेवून आली, तिच्यामागे आणखी दोघी. कुणी घोषणा दिली नाही, कुणी हात जोडले नाहीत. एकेक माणूस येत राहिला आणि उभा राहत गेला. राजा त्या चेहऱ्यांकडे पाहत राहिला. रोज वाहवा करणारेच ते चेहरे होते.

त्याने चाबूक खाली टाकला.

वृद्ध राणीने दिवाणजींना बोलावून सांगितलं, की आपल्यासाठी जनावर आणू नये म्हणून नाखव्याला आजच निरोप द्या. मग तिने आपला घोडा मागवला आणि ती सीमोल्लंघनाला निघाली. त्या वर्षी राजाही आपल्या नेहमीच्या घोड्यावर बसला. येसूला पुन्हा कुणी ठाणात नेलं नाही.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी राजाने मरजानला बोलावलं आणि विचारलं, की या जनावराचं काय करावं. मरजान म्हणाला, की वारं फिरलं की जहाज परत निघेल, तिला तिच्या मुलखात सोडून यावं. राजाने विचारलं, कोण नेईल. मरजान म्हणाला, "मी नेतो. पण मी परत येणार नाही, महाराज. मलाही तिथूनच आणलं होतं." राजाने होकारार्थी मान हलवली.

जहाज गेलं. पुढच्या वर्षी नाखवा परत आला, तेव्हा त्याने येसूला सगळी हकीकत सांगितली. किनाऱ्यावर उतरल्यापासून मरजान पट्टेरीला घेऊन नऊ दिवस आत चालत गेला, सोबत नाखवाही होता. दहाव्या दिवशी क्षितिजावर धूळ दिसली. दोर त्याने आधीच सोडला होता. पट्टेरीने कान टवकारले, आणि ती धुळीकडे निघाली ती थेट पळतच. कळपात शिरल्यावर त्यातली ती कोणती, हे काही वेळ मरजानला ओळखू येत होतं. मग तेही येईना. नाखवा म्हणाला, की म्हातारा तेव्हा मोठ्याने हसत होता.

इकडे दरबारातलं खोटं चित्र राजाने चुन्याने पुसायला लावलं होतं. भिंत वाळल्यावर त्याने येसूला तिचा कुंचला परत दिला.

"आता काय काढशील?" त्याने विचारलं.

"पाहिलं ते."

"आम्ही पडलो ते?"

येसू म्हणाली, "महाराज पडले, तेही मी पाहिलं. कुणाचा हात न धरता उठले, तेही पाहिलं. हातातला चाबूक त्यांनी स्वतः खाली टाकला, तेही पाहिलं. यातलं कुठलं काढू, ते महाराजांनी सांगावं. न घडलेलं मात्र सांगू नये."

राजा भिंतीकडे पाहत राहिला. मग तो म्हणाला, "शेवटचं काढ. आणि कपड्यांवरची धूळ राहू दे."

त्या राज्याची आज नावनिशाणीही उरलेली नाही. ती भिंत तेवढी आहे. तिच्यावर एक राजा उभा आहे, बोडक्या डोक्याचा, धुळीने माखलेला. पायाशी चाबूक पडला आहे. समोर एक पट्टेरी जनावर आहे. त्याचे कान मागे गेलेले आहेत आणि पाठीवर कुणी नाही. पाहायला येणारी मुलं हमखास विचारतात, यांत जिंकलं कोण. त्यावर गावातली माणसं म्हणतात, की नीट बघा, दोघंही आपापल्या पायांवर उभी आहेत.

या गोष्टीचं तात्पर्य इतकंच: जो वाकला नाही, त्याला वाकलेला दाखवू नये, मग सांगणारा राजा का असेना.