पाच कुलुपांचा पाट

खूप खूप जुनी गोष्ट आहे. एका डोंगरातून एक पाट निघे आणि पाच लहान मुलखांतून वाहत जाई. तो खोदवला होता एका परक्या बादशहाने. पुढे बादशहाची सत्ता गेली आणि पाचही मुलूख स्वतंत्र झाले.

त्या आनंदाच्या भरात प्रत्येक राजाने आपल्या वेशीवर पाटाला दार बसवलं, आणि दाराला कुलूप घातलं.

सर्वांत वरचा राजा तर फारच खूश होता. डोंगर त्याचा, म्हणजे पाणी त्याचं. त्याच्या वडिलांची पाठ बादशहापुढे वाकून वाकून कायमची वाकली होती. आपण कुणापुढे वाकायचं नाही, हे त्याने पक्कं ठरवलं होतं. कुलपाची किल्ली तो गळ्यात घालून हिंडे.

खालच्या चौघांना लवकरच उमगलं, की कोरड्या पाटाला कुलूप लावून राखायचं काय? त्यांनी आपली दारं काढली, एकी केली आणि एका शहाण्या म्हातारीला प्रमुख निवडलं. ती काठी टेकत वर आली.

"राजे, तुम्हीही आमच्यात या."

"एक बादशहा गेला, आता दुसरी आली," राजा हसला. "तहान लागली की एकी आठवते, आजी."

"खरंय, बाबा. आम्ही तहानलेलो आहोत. पण तुमचे जोडे का भिजलेत?"

राजाने खाली आपल्या जोड्यांकडे पाहिलं. दाराआड पाणी तुंबून त्याची शेतं चिबडली होती. जोंधळा पिवळा पडला होता, बैल गुडघाभर रुतत होते. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

"मी आलो, तर माझं राज्य उरेल का?" त्याने हळूच विचारलं.

"गादी तुमची, सण तुमचे, शेतं तुमची. पाट आणि सरहद्द मात्र सगळ्यांची. त्यांचा कारभार पाचांची सभा पाहील."

"आणि सभेत मुजरा कुणाला करायचा?"

"कुणालाच नाही. सगळे एकाच जाजमावर बसतात. चार पट्टे विणून झालेत, पाचवा तुमच्या विणकरांसाठी ठेवलाय."

राजाने गळ्यातली किल्ली काढली. पण कुलूप पाण्यात गंजून गेलं होतं, किल्ली फिरेना. तेव्हा त्याने घण मागवला आणि स्वतःच्या हाताने कुलूप फोडलं.

पुढच्या हंगामात वरची शेतं निचरून वाफशावर आली आणि खालची हिरवी झाली. पाचही कुलुपं वितळवून गाळ काढायची फावडी केली. राजा सभेला गेला, तो ताठ मानेने जाजमावर बसला. दाराशी काढलेले त्याचे जोडे कोरडे होते.

तात्पर्य : एकट्याने कुलपात ठेवलेलं स्वातंत्र्य कुजतं, सर्वांनी मिळून राखलेलं स्वातंत्र्य पिकतं.